काळ्या रानातली वस्ती, जवळ बोअर आणि गवंड्याचा दहा बाय दहाचा ‘सेप्टिक’

मोहोळ तालुक्यातनं एका भावाचा प्रश्न आलाय. शेतातल्या वस्तीवर नवीन घर बांधतायत, माणसं पाच, जमीन काळी, बोअर घरापासनं ४० फुटांवर. गवंडी म्हणतोय दहा बाय दहाचा सेप्टिक खोदू, न्हाणीचं, भांड्याचं, संडासचं सगळं त्यातच सोडू, पंचवीस वर्षं बघायला नको. यापेक्षा बरा आणि स्वस्त पर्याय आहे का, असं विचारलंय त्यांनी.

आहे. एक नाही, चार-पाच आहेत. मी वीसेक वर्षं सोलापूर जिल्ह्यात हीच कामं करतोय, करमाळ्यापासनं अक्कलकोटपर्यंत, त्यामुळं उत्तर जरा लांबणार.

पहिलं म्हणजे तुमचा गवंडी ज्याला सेप्टिक म्हणतोय तो सेप्टिक नाहीच. खरा सेप्टिक टँक म्हणजे पाणी न गळणारी टाकी, आत मधे भिंत घालून दोन कप्पे, गाळ खाली बसणार, वर साय धरणार आणि मधलं पाणी पाइपनं बाहेर पडणार, त्या पाण्याची पुढं वेगळी सोय करायला लागते. पाच माणसांना अशी टाकी पाच फूट लांब, अडीच फूट रुंद आणि पाण्याची खोली साडेतीन फूट एवढी पुरते. दहा बाय दहा बाय दहा म्हणजे हजार घनफूट, २८ हजार लिटर! पाच माणसांच्या घराला एवढं कशाला लागतंय? आणि पंचवीस वर्षं बघायला नको म्हणतो ते खरंय, पण ते कशामुळं, तर तळाला प्लॅस्टर करत नाहीत, दहा फुटांवर गेलं की काळी माती संपून मुरूम नाहीतर भेगाळलेला खडक लागतो आणि मैलापाणी सरळ भेगेत जातं. खड्डा भरत नाही म्हणून लोक खूश असतात. भरत नाही तर जातंय कुठं, हे कुणी विचारत नाही. ४० फुटांवर तुमचा बोअर आहे की!

आपल्याकडचा काळा पाषाण पाणी गाळत नाही. माती गाळते, मुरूम थोडाफार गाळतो, पण खडकाच्या भेगेतनं पाणी नळीतनं गेल्यासारखं जातं, तिथं अंतराला फारसा अर्थ राहत नाही. वरनं आपल्या बोअरला केसिंग (भोकाच्या कडेचा पाइप) घालतात ते वरच्या मातीपुरतं, खडक लागला की केसिंग संपलं. मग जुलाबाचे जंतू तर येतातच, शिवाय नायट्रेट वाढतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, त्याच्यावर गेलं की तान्ह्या बाळाला धोका. नायट्रेटला चव नाही, वास नाही, आणि पाणी उकळून जात नाही, उलट आटल्यावर वाढतं.

आता मूळ मुद्दा. घरात पाणी दोन जातीचं असतं. संडासचं पाणी घाण जास्त पण थोडं. न्हाणीचं, धुण्याचं, भांड्याचं पाणी घाण कमी पण भरमसाट. ही दोन्ही एका खड्ड्यात घातली की थोड्या घाणीचं भरमसाट घाण पाणी होतं. वेगळी ठेवली की दोन्ही प्रश्न निम्मे होतात. आकडे मांडून बघा. जलजीवन मिशनचा हिशेब माणशी रोज ५५ लिटरचा आहे, पाच माणसांचे २७५. त्यातलं संडासात जातं साधारण ५० लिटर, पिण्या-स्वयंपाकात २५ धरा, राहिलं २०० लिटर, ते सगळं मोरीतनं बाहेर येणार. (तुमची स्वतःची मोटर आहे म्हणजे ५५ वर थांबणार नाहीच तुम्ही, पण २०० धरून चालू.)

जमीन किती पिते? वाळू असली तर एक चौरस मीटर जागा रोज ५० लिटर पिते असं धरतात, पोयट्याला २०-३०, आणि घट्ट चिकण मातीला १०. पहिल्या दिवशीचा हा आकडा नाही, साबण-चिकटा बसून छिद्रं निम्मी बुजल्यावर वर्षानुवर्षं टिकणारा आहे. एक मीटर व्यास आणि एक मीटर खोलीच्या गोल खड्ड्याच्या भिंती भरतात सव्वातीन चौरस मीटरच्या आतबाहेर. म्हणजे काळ्या मातीत तो खड्डा रोज ३० लिटर पिणार. तुम्ही त्यात २५० ओतणार. कसं जमायचं? म्हणून मग गवंडी अजून खोल खोदतो, खडकाला भेग सापडेपर्यंत, आणि सापडली की म्हणतो बघा, जागा चांगली लागली.

या काळ्या मातीनं मलाही फसवलंय बरं का. सुरुवातीच्या काळात माढ्याकडं एका वस्तीवर मी मे महिन्यात शोषखड्डा, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा, घेतला. आधी पाणी ओतून बघितलेलं, दोन घागरी ओतल्या तर बघता बघता गायब, मी म्हणलं लई भारी जमीन आहे. अहो उन्हाळ्यात काळ्या रानाला हात-हातभर भेगा पडतात, पाणी मातीत मुरलंच नव्हतं, भेगेत पडलं होतं. सप्टेंबरात परतीचा पाऊस लागला, माती फुगली, भेगा मिटल्या, आणि तो खड्डा झाला हौद. दसऱ्याच्या तोंडावर घरमालकाचा फोन, साहेब संडासच्या भांड्यातनं पाणी उलटं वर येतंय. पाहुणे आलेले घरात. मी गेलो तेव्हा त्यांच्या आईनं एक शब्द बोलून दाखवला नाही, नुसता चहा दिला, ते जास्त लागलं. स्वतःच्या खिशातनं दुसरा खड्डा काढून दिला.

तेव्हापासनं माझी पद्धत ठरलीय. जिथं खड्डा घ्यायचा तिथं तेवढ्याच खोलीपर्यंत वितीएवढ्या रुंदीचं एक भोक घ्यायचं, तळाला दोन इंच बारीक खडी टाकायची आणि पाणी भरून ठेवायचं. पुस्तकात रात्रभर भिजवा म्हणतात, पण काळ्या मातीत उन्हाळ्यात तीन-चार दिवस रोज भरायचं, भेगा मिटेपर्यंत. मग खडीच्या वर सहा इंच पाणी घ्यायचं आणि घड्याळ लावून बसायचं. एक इंच पाणी उतरायला किती मिनिटं लागली ते लिहा. साठच्या वर गेलं तर तिथं शोषखड्डा नाही म्हणजे नाही, कोण काहीही म्हणू दे. काळ्या रानात कित्येक ठिकाणी तीन-चार फुटांवर पिवळसर मुरूम लागतो, तिथं आकडा एकदम सुधारतो, म्हणून वेगवेगळ्या जागी तीन-चार भोकं घ्या. पोराला बसवा मोबाइलवर टायमर लावून.

आता संडास. तुमच्यासाठी दोन खड्ड्यांचा संडास, दुसरं काही नको. स्वच्छ भारतमध्ये १२ हजारांचं जे अनुदान मिळायचं त्यात हाच अपेक्षित होता, पण गावोगाव लोकांनी तो स्वस्तातला, गरिबाचा म्हणून बाजूला ठेवला आणि कर्ज काढून सेप्टिक बांधले. एक मीटर व्यासाचे, चारेक फूट खोल दोन खड्डे, मधे निदान तीन-साडेतीन फूट अंतर, समोर एक छोटा चेंबर, त्यातनं दोन पाइप फुटतात, एक चालू, एक बंद. पाच माणसांना एक खड्डा साधारण तीन-चार वर्षं जातो. भरला की तो बंद, दुसरा चालू. पहिल्याला दोन वर्षं हात लावायचा नाही. जंतांची अंडी फार चिवट असतात, त्यांना मरायला तेवढा वेळ द्यायलाच लागतो.

ह्यात गवंडी हमखास कुठं चुकतात सांगतो. खड्ड्याची वीट जाळीची पाहिजे, दोन विटांत दोन इंचाची फट, वरचा फूटभर भाग तेवढा सलग. मी एका ठिकाणी गेलो तर गवंड्यानं आतनं चकाचक सिमेंट प्लॅस्टर करून ठेवलेलं, म्हणला काम पक्कं केलंय. पाणी मुरणार कुठनं बाबा? दुसरं, चेंबरमधले दोन्ही पाइप उघडे ठेवतात, मग दोन्ही खड्डे एकाच वेळी भरतात आणि सगळ्या योजनेचं वाटोळं. एक पाइप वीट आणि ओल्या मातीनं बंद करून घ्या, तुमच्यासमोर. तिसरं, ह्याला व्हेंट पाइप लागत नाही, गॅस जाळीतनं मातीत जिरतो. भांडं मात्र जास्त उताराचं ग्रामीण भांडं घ्या, २० मिलिमीटर वॉटर सीलचं (वास अडवायला भांड्याच्या वळणात साठून राहणारं पाणी), दीड-दोन लिटरात साफ होतं. शहरातलं कमोड आणि दहा लिटरची टाकी लावली की वरचा सगळा हिशेब बोंबलला.

काळ्या मातीसाठी आणि खडकासाठी दोन दुरुस्त्या. माती चिकट असेल तर खड्डा दीड-दोन फूट जास्त रुंद खणायचा, वीट मधे बांधायची आणि बाहेरच्या मोकळ्या जागेत वाळू नाहीतर धुतलेला जाड मुरूम भरायचा, म्हणजे पाण्याला मातीची भिंत जास्त मिळते. खाली भेगाळ खडक लागला तर तळ सिमेंटनं पक्का बंद करायचा आणि कडेनं दीड फूट वाळूचं वेढण द्यायचं, म्हणजे पाणी आधी वाळूतनं गाळून जाईल. झाकायला शहाबादी फरशी चालते, पण जाड घ्या आणि वरनं ट्रॅक्टर जाणार नाही अशी जागा बघा, ऊस-कांद्याची ट्रॉली आली की फरशी बसलीच म्हणून समजा. आणि बोअरपासनं किमान ५० फूट, घराच्या पलीकडच्या अंगाला, बोअरच्या उताराच्या खाली. वास्तुशास्त्रवाला ईशान्येला नको म्हणेल, उतार जर ईशान्येला असेल तर पाण्याचं ऐका.

लोकांना सगळ्यात भीती वाटते ती खड्डा उपसायची. दोन वर्षं बंद ठेवलेला एक खड्डा मी उघडला होता, घरातलं कुणी जवळ येईना, गवंडीपण नाकाला टॉवेल लावून बांधावर. फरशी सरकवली तर आत काळीभोर भुसभुशीत माती, वास म्हणाल तर पहिल्या पावसात रानाचा येतो तसा. घमेल्यानं वर काढली, त्यात एक शांपूची पुडी निघाली, जशीच्या तशी, रंगसुद्धा उडाला नव्हता, बाकी सगळ्याची माती झालेली. घरातल्या म्हातारीनं लांबनं बघितलं, मग जवळ आल्या, काठीनं उकरलं आणि म्हणल्या, ‘ह्ये तर लेंडीखतावाणी दिसतंय की वो.’ त्या दिवशी ते खत लिंबाच्या आळ्यात गेलं. भाजीला घालू नका, झाडांना घाला.

आता ते २०० लिटर. इथं लोक कमी लक्ष देतात आणि वस्तीवरची डासांची पैदास इथंच होते. मोरीच्या मागं हिरवं डबकं, त्यात कोंबड्या. नांदेड पॅटर्नचा मॅजिक पिट तुम्ही ऐकला असेल, खड्ड्यात भोकं पाडलेली सिमेंटची टाकी ठेवायची, गाळ टाकीत बसतो, पाणी भोकातनं बाजूच्या दगडांत जातं. त्यातली गाळ आधी अडवायची युक्ती एकदम बरोबर आहे आणि मुरूम असेल तर तो खड्डा बेस्ट. पण सगळीच जमीन काळी आणि टेस्टला नापास असेल तर खोल जाऊ नका, पसरा.

म्हणजे काय करायचं, तर मोरीच्या बाहेर आधी एक छोटा दोन कप्प्यांचा चेंबर, आत दोन फूट बाय दीड फूट, मधे एक टी (T आकाराचा पाइप) बसवायचा म्हणजे वरचं तेल आणि खालची राख-माती दोन्ही तिथंच अडतात. भांडी अजून राखेनं घासत असाल तर हा चेंबर आठ-पंधरा दिवसाला खरडायलाच पाहिजे, तेवढं एक काम आहे, ते घरात कुणाचं ते आधीच ठरवा, नाहीतर कुणाचंच नसतं. तिथनं पुढं २० फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट खोल चर, त्यात विटांचे रोडे नाहीतर खडी, मधनं भोकं पाडलेला पाइप, वर फूटभर पालापाचोळा-माती, आणि कर्दळ. पाणी वर दिसता कामा नये, दिसलं की डास. ह्या चराचा तळ आणि भिंती मिळून १४ चौरस मीटर जागा होते, १० च्या हिशेबानं १४० लिटर माती पिणार, आणि एप्रिल-मेच्या आपल्या ४२-४३ च्या उन्हात वरनं ५० लिटर तरी उडून जाणार. २०० च्या जवळ आलो बघा. पावसाळ्यात ऊन नसतं, त्यासाठी दुसरा तसाच चर घ्यायचा, उन्हाळ्यात आलटून पालटून वापरायचे, पावसात दोन्ही चालू. चराला विश्रांती मिळाली की साबणाचा चिकटा वाळून सुटतो, हा फायदा वेगळाच.

कर्दळीऐवजी केळी लावू का, असं सगळे विचारतात. लावा, भरातल्या केळीला ठिबकवर उन्हाळ्यात दिवसाला पंधरा-वीस लिटर देतोच आपण, कंदरकडचे केळीवाले सांगतील. पण तुमच्या बोअरचं पाणी मचूळ असेल तर केळीला मीठ सोसत नाही, पानाच्या कडा करपतात. तिथं नारळ लावा, नारळ तक्रार करत नाही. ह्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर, मुळा-गाजर असलं काही करायचं नाही.

धुण्याच्या पाण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण हे कुणी सांगत नाही. कपड्याची पावडर म्हणजे बराचसा सोडा, आणि सोड्यात सोडियम. आपलं पाणी जड, फेस येत नाही, म्हणून बाई अजून एक मूठ पावडर टाकते. ते सोडियम काळ्या मातीच्या कणांना सुटं करतं, कण बारीक होऊन छिद्रं बुजतात आणि जमीन चोपण होते. चोपण रान तुम्ही बघितलंच असेल, वर पाणी तुंबून राहतं, खाली माती कोरडी, वाळली की दगड. कॅनॉलच्या जास्त पाण्यानं जे एकरात होतं तेच मोरीच्या मागं चार वर्षांत होतं. पावडर कमी करा, जमलं तर लिक्विड वापरा, आणि वर्षातनं एकदा चरावर चार-पाच किलो जिप्सम पसरून पाणी द्या. त्याच दुकानात मिळतं जिथनं तुम्ही खत आणता.

बाकीचे पर्याय भराभर सांगतो. जनावरं चार-पाच असतील तर बायोगॅसला संडास जोडा, दोन घनमीटरच्या प्लँटला रोज ५० किलो शेण लागतं, त्यामुळं एका म्हशीवर नादाला लागू नका. देहूच्या डॉ. मापुसकरांनी संडासाचा बायोगॅस आयुष्यभर लावून धरला, २०१७ ला त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. तंत्र एकदम पक्कं आहे, अडचण एवढीच की त्या गॅसवर चहा करायला घरातल्यांचं मन होत नाही, म्हणून आधी घरात विचारा, मग खड्डा मारा. जोडला की फिनाइल-ॲसिड बंद. तुमच्या वस्तीवर वीतभर मातीखाली अखंड खडक असता तर मी लघवी वेगळी काढायचा कोरडा संडास सुचवला असता, जमिनीच्या वरच दोन कप्पे, राख-माती टाकत जायची. हे काही परदेशी नाही, कोकणात कणकवलीला अप्पासाहेब पटवर्धनांनी गोपुरी संडास कधीच करून दाखवला. पण त्यात धुवायला वेगळी जागा लागते आणि पाहुण्याला दर वेळी समजावून सांगायला लागतं. गांडुळांचा संडास चांगला चालतो, गांडुळं मैला खाऊन त्याचा आकार कमी करतात, फक्त माहेरी आलेल्या लेकीनं हौसेनं ॲसिड ओतलं की एका दिवसात सगळी मेली. बाजारात रेडिमेड बायो टँक मिळतात, जिवाणू टाकलेले. काम करतात, पण विकणारा सांगतो तसं त्यातनं शुद्ध पाणी येत नाही, त्यालाही पुढं कर्दळीचा चर लागतोच.

आणि एवढं सांगूनही सेप्टिकच करायचा म्हणाल, वर मजला चढवायचाय, भाऊबंद एकत्र यायचेत, तर पाच बाय अडीचचा खरा सेप्टिक करा, माणसं वाढणार असतील तर त्या हिशेबानं मोठा, पण पाणी न गळणारा, फक्त संडासाचा, व्हेंट पाइप लावून, आणि त्याचं पाणी ओढ्याला न सोडता वरच्यासारख्या चरात सोडा. दोन-तीन वर्षाला गाळ उपसायला लागतो. इथं एक विचार करा, तुमच्या वस्तीला पाणंद रस्ता असेल तर जून ते ऑक्टोबर सक्शनची गाडी काळ्या चिखलात येणार नाही. मग माणूस उतरवायचा मोह होतो. उतरवायचा नाही. २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे आणि आतल्या गॅसनं पहिला माणूस पडतो, त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो.

बोअरचं एक काम लगेच करून घ्या, केसिंगच्या भोवती दोन-तीन फूट खणून सिमेंट काँक्रीटचा कट्टा करा, बाहेर उतार देऊन. केसिंगच्या कडेनं वरचं पाणी खाली उतरतं ते तेवढ्यानं बरंच थांबतं. पाणी एकदा तपासून घ्या, घर बांधायच्या आधीचा आकडा हाताशी राहू द्या.

आता तुम्ही करायचं एवढंच, तीन-चार जागी भोकं घ्या, चार दिवस भिजवा, आणि एक इंच उतरायला लागलेली मिनिटं मला कळवा, सोबत मुरूम किती फुटांवर लागला ते पण. तोवर गवंड्याला सांगा, जेसीबी अजून बोलावू नको म्हणावं.